ओलं फडकं

“फ्लॅश नाही, बॅटरी नाही... मग एवढ्या अंधारात मी तिला पाहायचं कसं, बाबा?”

भिवाबाबा पाचव्या लेण्याच्या ओट्यावर बसून आरसा पुसत होते. लाकडी चौकटीचा, हातभर लांबीचा जुना आरसा. चाळीस वर्षं त्यांनी याच आरशाने बाहेरचं ऊन आत नेलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवरची चित्रं दाखवली होती. नोकरी संपली, आरसा सुटला नाही.

“आधी बूट काढ,” ते म्हणाले.

मुकुंद खानविलकरने बूट काढले. गळ्यातला कॅमेरा काढला नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी इथेच पंधरा दिवस राहून तो बाबांकडून उजेड शिकला होता. आरशातलं ऊन भिंतीवर थेट टाकायचं नाही. ताणून बांधलेल्या पांढऱ्या धोतरावर टाकायचं, आणि तिथून उडेल तेवढंच भिंतीला द्यायचं. शेवटच्या दिवशी त्याने आतल्या भिंतीवरच्या कमळवाल्या बाईचा चेहरा टिपला. त्या एका फोटोने त्याला पुरस्कार दिला, नाव दिलं, जन्माची भाकरी दिली. फोटो कॅलेंडरांवर आला, लेण्यांच्या तिकिटावर आला.

मुकुंद मात्र परत आला नव्हता.

“खालच्या संग्रहालयात भिंतभर लावलाय माझा फोटो,” तो म्हणाला. “नावासकट.”

“रोज बघतो. लोक त्याच्यापुढं उभं राहून स्वतःचे फोटो काढतात.”

“फक्त ती काचेची पेटी तिथून हलवायला सांगा कुणाला तरी. बरोबर फोटोच्या खाली आणून ठेवलीय. फ्रेममध्ये येते.”

“पेटीत काय आहे?”

“मातीचे तुकडे आहेत कसले तरी. सरकारी कारभार. सापडलं की ठेवलं काचेत.”

“पाटी नाही वाचलीस?”

मुकुंदने कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. बाबांनी आरसा पुन्हा एकदा पुसला. तो पुसलेलाच होता.

“ऐकलं, तू आता पेपरात लिहितोस म्हणे. लेण्यांत फोटो कसे काढावेत ते.”

“दहा सूचना दिल्यात.” मुकुंद खुलला. “तिरप्या उजेडाची वेळ साधा. कोरीव कामाला समोरून उजेड देऊ नका. काचेच्या पेटीचा फोटो घेताना काळा सदरा घाला, म्हणजे काचेत आपलंच भूत दिसत नाही. तुमचा आरसाही आहे त्यात. नाव नाही टाकलं तुमचं, पण आहे.”

“आणि ओलं फडकं? ते कितवं?”

मुकुंद हसला. “ते लिहायचं नसतं, बाबा. ते धंद्यातलं.”

धंद्यातलं म्हणजे एवढंच, की सुकून पांढुरकं पडलेलं चित्र ओल्या फडक्याने हलकेच टिपलं तर रंग मिनिटभर काल रंगवल्यासारखे उजळतात. तेवढ्यात फोटो काढून घ्यायचा. त्या दिवशी मुकुंदने तेच केलं होतं. त्याच्यासारखे कित्येक ते करत होते, आणि वर लेण्यांच्या दुरवस्थेवर लेखही लिहीत होते.

“चल,” बाबा उठले.

दाराशी दगडी उंबरा होता. मुकुंदने पाऊल उचलण्याआधी तो पायाच्या बोटांनी चाचपला.

बाबा थांबले.

“डोळ्यांना काय झालंय?”

“काही नाही.”

“मुकुंदा...”

“मधोमध डाग आलाय. दोन्ही डोळ्यांत.” तो बाहेरच्या उन्हाकडे तोंड करून बोलला. “बघेन ते मधूनच पुसलं जातं. कडेकडेनं दिसतं अजून. डॉक्टर म्हणतो, वर्षभर. फार तर.”

“मग कॅमेरा कशाला आणलास?”

“सवय.”

बाबांनी आरसा उन्हाकडे फिरवून पाहिला.

“त्या दिवशी मी तिला पाहिलंच नाही, बाबा. रंग वाळायच्या आत फोटो हवा होता. डोळा सगळा वेळ कॅमेऱ्याला. नंतर सामान आवरलं आणि पळालो. जगाने पाहिली, मी नाही पाहिली. एकदा तिला नुसत्या डोळ्यांनी बघू दे. मग गेले डोळे तर गेले.”

“आत जाऊन बस,” बाबा म्हणाले. “डोळे मिट. शंभर श्वास मोज. अंधाराशी ओळख झाल्याशिवाय उजेड मागू नये.”

मुकुंद बसला. वटवाघळांचा उग्र वास. कुठेतरी पाण्याचा थेंब. त्याने कॅमेरा काढून मांडीशेजारी ठेवला. शंभर होईपर्यंत बाहेर बाबांच्या खोकल्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

“उघड.”

धोतरावरून उजेड उडाला आणि भिंत हळूहळू वर आली. आधी पायाची बोटं, मग गुलबट वस्त्राची चुणी. मग हात, आणि त्यात देठ किंचित वाकलेलं कमळ. गळ्यातली मोत्यांची माळ. खांदा...

आणि वर काही नाही.

मुकुंदने मान डावीकडे वळवली. डाग चुकवून बघायची ही युक्ती त्याने स्वतःच शोधली होती. काही नाही. उजवीकडे वळवली. खांद्याच्या वर, चेहरा असायला हवा तिथे, करडा, भुरकट डाग.

“बाबा, माळेपर्यंत दिसतेय.” त्याने डोळे चोळले. “चेहरा दिसत नाही. वर्षभर म्हणाला होता डॉक्टर... आजच गेला का डोळा?”

बाबांनी दारातून नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुकुंदने विश्वास ठेवला असता, डॉक्टरला शिव्या घालत डोंगर उतरला असता, आणि ती भिंतीवर आहे असं धरून मेला असता.

“डोळा शाबूत आहे तुझा,” बाबा म्हणाले.

मुकुंद उठला. चाचपत भिंतीजवळ गेला. हात लावला नाही. तोंड तिरपं करून इतकं जवळ नेलं की भिंतीचा गारवा गालाला लागला. उघडी माती. मातीत कालवलेला भाताचा कोंडा, आणि ओलीने फुटलेल्या मिठाची पांढरी बुरशी.

“कधी?”

“तू गेलास त्याच पावसाळ्यात पापुद्रा फुगला. दिवाळीला सुटला. जेवढं फडकं फिरलं होतं, तेवढंच.”

“खालच्या पेटीत...”

“हनुवटी हाताला लागली, एक भुवई लागली. बाकी चुरा. पदरात धरावा तसा धोतरात गोळा करून खाली नेऊन दिला.”

“कुणी बोंब मारली नाही?”

“कशाला मारतील? तिकिटावर होतीच की ती.”

“मला तरी कळवायचंत.”

“गावातल्या मास्तरांकडून लिहून घेऊन तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं.” बाबा खोकले. “तुझी सही केलेला फोटो.”

मुकुंद खाली बसला. कॅमेऱ्याला पाय लागला, तो आडवा झाला. त्याने उचलला नाही.

“शिव्या द्या, बाबा.”

“कोणत्या तोंडानं देऊ? फडकं तुझं होतं. पाणी माझ्या लोट्यातलं.”

मुकुंदने वर पाहिलं.

“मला ठाऊक होतं, पाणी लावू नये. पुरातत्त्व खात्याच्या साहेब लोकांनी वर्षानुवर्षं तेच बजावलं होतं. पण तूच पहिला, जो पंधरा दिवस तिच्यापुढं बसला. वाटलं... एकदा तरी कुणी तिला नीट बघावं.”

बाहेर ऊन उतरत चाललं होतं. कुणीतरी सहलीतला लांबून ओरडला, “ओ, तिकडं काही नाही बघण्यासारखं, चला.” पावलं परत फिरली.

“आणि तुम्ही रोज इथे आरसा धरता?”

“रोज. चार वाजले की.”

“कुणासाठी?”

बाबा आत आले. मुकुंदला दंडाला धरून उठवलं, दाराशी नेलं आणि आरसा त्याच्या हातात दिला. मग स्वतः आत जाऊन, आधी तो बसला होता त्याच जागी, भिंतीकडे तोंड करून बसले.

मुकुंदने ऊन पकडलं. धोतरावर टाकलं. भिंत वर आली. पायाची बोटं, कमळ, माळ, खांदा, माती. त्याचे हात थरथरू लागले. ऊन धोतरावरून निसटून थेट भिंतीवर गेलं आणि त्या रिकाम्या जागेवर नाचू लागलं.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

“हात हलवू नकोस, मुकुंदा. तिच्या डोळ्यांवर तिरीप येतेय.”