बारशाच्या दिवशी रिकामा पाळणा

एकदा एका गावात एक वृद्ध सुईण आणि तिची तरुण शिष्या राहत. निम्मे गाव म्हातारीच्या हातावर जन्मले होते. आता तिचे गुडघे थकले होते आणि शिष्येचा उत्साहही. बाळंतपण झाले की सुटलो, असे शिष्येला वाटे. म्हातारी मात्र त्यानंतरही रोज बाळंतिणीकडे जाई.

त्या वर्षी गोदा नावाची एक सून बाळंत झाली. दुसरे बाळंतपण, म्हणून सासरीच. बाळ गुटगुटीत होते. गोदा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राही. अन्न जात नव्हते, डोळ्याला डोळा लागत नव्हता. बाळ कोणी आणून दिले तर पाजी, आपणहून जवळ घेत नसे. सगळे म्हणत, होईल ठीक. लोकांना असे म्हणणे फार सोपे असते.

बारशाला शेजारणी टोपडी-झबली घेऊन आल्या. तेवढ्यात म्हातारीने पाळण्यातले बाळ उचलून शिष्येकडे दिले, तिला माजघरात पाठवले आणि स्वतः माजघराचे दार अडवून बसली.

"बाळ नंतर बघा. आधी आईला बघा."

सासू संतापली. "सुईणबाई, हा काय प्रकार? आल्यागेल्यासमोर शोभा!"

म्हातारी हलली नाही. बायका अवघडून बसल्या. बोलायला विषयच उरला नव्हता. अखेर एकीचे लक्ष गोदाच्या चेहऱ्याकडे गेले.

"अगं गोदे, डोळे किती खोल गेलेत तुझे! फार त्रास झाला का गं?"

"वाटलं, मी काही आता वाचत नाही," गोदा म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली. शेजारीण जवळ सरकली. सासू उभीच होती. मग चुलीपाशी जाऊन तिने मऊ भात कालवून आणला. गोदा चार घास जेवली आणि झोपली. उठताच म्हणाली, "माझं बाळ कुठंय?"

परतताना शिष्येने विचारले, "आजी, असं का केलंत?"

म्हातारी वाटेत टेकली. "पोरी, बाळाला उचलायला दहा हात असतात. आई मरणाच्या दारातून एकटी परत येते. आलीस का गं, एवढंही कोणी विचारलं नाही, तर ती तिथंच अडकून राहते. मी किती घरी पुरणार? थकले आता. विचारायचं कसं, ते घरच्यांनीच शिकायला हवं."

दुसऱ्या सकाळी शिष्येने म्हातारीला झोपू दिले. ती एकटीच गोदाकडे गेली आणि उंबऱ्यातूनच तिने विचारले, "गोदाताई, झोप लागली का?"