सोप्यावर मारलेला ड्रॅगन

"पण मेला का न्हाई?"

"महाराज, प्रश्न तो नाहीये."

"मी तोच इचारलाय. तो सरडा शेवटी मेला का न्हाई?"

"सरडा नाही. ड्रॅगन." सारंगनं दात आवळले. "मेला. पण इझी मोडवर मेला. त्याला मारणं म्हणत नाहीत."

हंसगिरी महाराजांनी कानात काडी फिरवली, बाहेर काढून निरखली आणि फेकून दिली.

"मग काय म्हणत्यात?"

 सारंगच्या कपाळावरची शीर वर आली.

मिरजेच्या पूर्वेला ऊस संपतो आणि माळ सुरू होतो, तिथं गोसाव्यांचा हा लहानसा मठ आहे. सारंग उपाळे दर रविवारी तिथं यायचा, राग आवरायला शिकायचं म्हणून. ऐकणारे हसायचे. कारण खुद्द महाराजांच्या रागाला अख्खी पंचक्रोशी टरकून होती. एका पुढाऱ्यानं गाडी पायऱ्यांना टेकवून लावली, तेव्हा त्यांनी तिच्या काचेवर पाटीभर शेण ओतलं होतं.

सारंग बँकेत नोकरीला होता, पण त्याचा जीव होता कन्सोलवरच्या खेळांत. तलवारी, जादू, पडके किल्ले, धुक्यानं भरलेली दरी, दरीच्या टोकाला कुणी राक्षस. असे खेळ तो कॉलेजपासून खेळत आला होता, आणि खेळून झाला की स्वतःच्या चॅनेलवर त्याबद्दल मराठीत बोलायचा. छंदच तो. पण बोलणं धारदार, त्यामुळे ऐकणारे पुष्कळ होते.

आणि तो बहुतेकदा चिडलेलाच असायचा.

"आताचे खेळ बघा महाराज," तो म्हणाला. "जग बुडायला आलंय, आकाश फाटलंय, राजा म्हणतो धाव. आणि आपला शूरवीर काय करतोय? म्हातारीची हरवलेली शेळी शोधतोय! दर चार पावलांवर कुणीतरी उभा. मला मुळ्या आणून दे, माझी चिठ्ठी पोचव. वर सोन्याचा बाण दाखवतो, इकडून जा, आता तिकडून जा. अरे, मला हरवू तरी द्या! वाट चुकण्यातच तर मजा होती."

"शेळी सापडली का?"

"महाराज!"

"बरं. बोल."

"हा ड्रॅगनचा एकच खेळ तसा नव्हता. बाण नाही, नकाशा नाही. हातात गंजकी तलवार, आणि चालायला लागायचं. पुलापाशी एक चिलखतवाला उभा असतो, तो काही बोलत नाही, सरळ उडवतो. तुम्ही मरता. पुन्हा जाता, पुन्हा मरता. मग हळूहळू कळायला लागतं, की त्यानं खांदा असा पाडला की वार डावीकडून येतो. हे कुणी सांगत नाही, स्वतःला कळावं लागतं. तो ड्रॅगन मारायला मला सगळा उन्हाळा लागला. हाताला घट्टे पडले."

त्यानं हात पुढे केला. महाराजांनी पाहिला नाही.

"आणि भाऊ?"

सारंगचा हात तसाच राहिला.

भावाचं नाव यज्ञेश, सारंगहून धाकटा. लहानपणी दोघं एकाच टीव्हीपुढे, एकाच चटईवर बसून खेळले होते. मग यज्ञेश कुपवाडला कारखान्यात लागला आणि तिथं प्रेसमध्ये त्याचा उजवा हात सापडला. हात वाचला. पण तर्जनी आणि मधलं बोट वळेना. खेळताना हातात धरायच्या कंट्रोलरला मागच्या बाजूला जी बटणं असतात, वार करायची आणि ढाल धरायची, ती नेमकी त्याच बोटांची.

बरेच दिवस त्यानं कंट्रोलर हातात घेतला नाही. मग एके दिवशी घेतला. इझी मोड लावला, म्हणजे शत्रू कमी मारतात आणि आपण कमी मरतो तो प्रकार. आणि एका संध्याकाळी सारंग बँकेतून निघत असताना त्याचा फोन आला. यज्ञेश ओरडत होता. दादा, मारला! दादा, मी ड्रॅगन मारला!

"काय म्हणालास तू?"

"खरं ते."

"काय?"

"म्हटलं, कुठल्या मोडवर? तो म्हणाला, इझी. म्हटलं, मग ह्याला काय जिंकणं म्हणायचं."

महाराजांनी नवी काडी मोडून घेतली.

"आणि चॅनेलवर सांगितलं. नाव नाही घेतलं मी! एवढंच म्हटलं, की आमच्या ओळखीत एक आहेत, सोप्यावर ड्रॅगन मारून पेढे वाटतात. लोक हसले. त्याच्या मित्रांनी ओळखलं, त्याला मी काय करू?"

"मग?"

"मग काय… खोली घेऊन राहिला कुपवाडला. आईशी बोलतो, माझ्याशी नाही." सारंगचा आवाज चढला. "पण माझं चुकलं काय, ते सांगा ना! मेहनतीला काही किंमत आहे की नाही? तुम्ही एवढी वर्षं तप केलंत. उद्या कुणी मोटारीतून आला आणि म्हणाला, मीही सिद्ध झालो, तर चालेल तुम्हाला?"

"मी कधी सिद्ध झालो?"

"म्हणजे…"

"तुला कुणी सांगितलं मी सिद्ध झालो म्हणून? ऊठ. नीघ हितनं."

सारंग उठला. चप्पल घालेपर्यंत मागून आवाज आला.

"पुढच्या रविवारी तो डबा घेऊन ये. खेळायचा."

मठात ओसरीवर टीव्ही होता. कुणा भक्तानं कीर्तनं बघायला म्हणून दिला होता, महाराज त्यावर फक्त कुस्त्या बघत. पुढच्या रविवारी दुपारी सारंगनं कन्सोल त्याला जोडला. पडद्यावर दरी उघडली. धुकं, काळे खडक, आणि मधोमध पंख मिटून बसलेला ड्रॅगन.

"लई मोठा आहे की," महाराज म्हणाले.

सारंगला बरं वाटलं.

"तुम्ही खेळणार?"

"मी कशाला? तू खेळ. उजवा हात दे."

त्यानं हात दिला. महाराजांनी खराट्याच्या काड्या मोडल्या, त्याच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला लावल्या आणि आपल्या उपरण्याची भगवी पट्टी टरकावून त्यावर घट्ट गुंडाळली. गाठ मारली. दोन्ही बोटं खुंटीसारखी ताठ झाली.

"आता मार."

सारंगच्या लक्षात आलं. तो कडवट हसला.

"कळलं मला. त्याचं दुःख मला समजावं म्हणून ना? महाराज, हे फार सोपं झालं."

"मग मार की."

महाराजांनी सुपात तूरडाळ घेतली, टीव्हीकडे पाठ केली आणि खडे निवडायला बसले.

सारंगनं सगळ्यात अवघड मोड लावला. ड्रॅगननं मान उचलली. ढालीचं बटण दाबायला बोट गेलं, पण ते वळलंच नाही. आग आली. मेला.

पुन्हा. मेला.

त्यानं कंट्रोलर मांडीवर उलटा धरून पाहिला, मग तळहातानं बटणं दाबून पाहिली. अंगठा मागं नेला तर पळायचं राहून जाई. शेपटीचा एक फटका बसे आणि खेळ पहिल्यापासून सुरू. त्याच्या तोंडातून शिव्या सुटू लागल्या, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं, मठ आहे हे विसरून. महाराज डाळ निवडत राहिले.

ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं.

मग हळूहळू त्याला जमू लागलं. ढाल सोडूनच दिली त्यानं. नुसतं पळायचं. करंगळीशेजारच्या बोटानं वार करायचा, एकच, आणि लगेच बाजूला. घाम डोळ्यांत जात होता. ड्रॅगन उडाला, खाली आला, चुकला, खडकावर आदळला. सारंग धावला. एक वार. दुसरा.

ड्रॅगन कोसळला.

"मारला!" सारंग ताडकन उठला. "महाराज, मारला! मारला!"

महाराजांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"काय झालं?"

"अहो, ड्रॅगन! मारला मी! सगळ्यात अवघड मोडवर! ही बोटं बांधलेली असताना! म्हणजे होतं! म्हणजे त्यालाही जमलं असतं, त्यानं प्रयत्नच केला नाही! बघा तरी इकडं!"

महाराजांनी मान वळवली. पडद्याकडे नाही, त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"बांधलेलीच ना ती? कधीही सोडता येत्यात की."

"म्हणजे?"

"ह्याला काय जिंकणं म्हणायचं."

आणि ते पुन्हा डाळीकडे वळले.

सारंगच्या डोळ्यांपुढे लाल झालं. काय करतोय ते कळायच्या आत त्यानं लाथ मारली. सूप उडालं, भिंतीवर आपटलं, आणि डाळ ओसरीभर पसरली.

"तुम्हाला काय कळतं यातलं? बसलात पाठ करून! काय सोसलं मी आत्ता, बघितलंत? एकदा तरी वळून बघितलंत? आणि वर म्हणता, ह्याला काय…"

वाक्य तिथंच अडलं.

पडद्यावर संगीत वाजत होतं.

आता महाराज उठतील आणि कानाखाली देतील, असं त्याला वाटलं. द्यावी, असंही वाटलं. पण महाराज उठले नाहीत. त्यांनी हात लांब करून सूप ओढलं, पालथं झालं होतं ते सुलटं केलं आणि एकेक दाणा वेचायला लागले.

सारंग उभाच राहिला. मग गुडघे टेकून तोही बसला. डाळ वेचायला त्यानं उजवा हात पुढे केला. ताठ बोटं दाण्यावर आपटायची, दाणा घरंगळायचा. पुन्हा. पुन्हा घरंगळला. डावा हात मोकळा होता, पण तो त्यानं वापरला नाही.

"महाराज…"

"हं."

"तो… जेवताना कसा…"

अपघातानंतर इतके महिने झाले होते, आणि भाऊ घास कुठल्या हातानं घेतो, हे त्याला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.



मग सारंगनं खिशातून फोन काढला आणि डाव्या अंगठ्यानं नंबर लावला. रिंग वाजत राहिली. उचलणार नाही असं वाटलं, तोच उचलला गेला. मागं रविवारच्या पाळीतल्या मशीनचा खडखडाट होता.

"काय?" यज्ञेश म्हणाला.

"मी… दादा बोलतोय."

"दिसतंय. काय काम?"

"तो ड्रॅगन…" सारंग म्हणाला. "त्या दिवशी तू सांगत होतास. मी ऐकलं नाही. तो वर उडतो, तेव्हा तू काय केलंस? ढाल तर तुला…"

पलीकडे नुसता खडखडाट.

"यज्ञेश?"

"पुढच्या व्हिडिओला मजकूर कमी पडलाय का?"

"नाही रे. खरंच विचारतोय. चुकलं माझं."

"तुझ्या चॅनेलवाल्यांना विचार. त्यांना सगळं कळतं."

फोन बंद झाला.

सारंगनं पुन्हा लावला. रिंग वाजली नाही. त्यानं फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मान तापायला लागली. कपाळावरची शीर पुन्हा वर आली.

"बघितलंत?" तो ओरडला. "मी थोरला असून फोन केला! माफी मागितली! नीट, शांतपणे बोललो, एक शब्द वाकडा बोललो नाही! आणि त्यानं कापला! ऐकूनसुद्धा घेतलं नाही! आणखी काय करायचं माणसानं? सांगा ना, आणखी काय करायचं?"

महाराजांनी डाळीचा एक दाणा उचलला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि सुपात टाकला.

"का रे? सोप्यावर पाहिजे होतं?"