चिटुकरावांचं भुर्र

आईनं कागदाचं विमान केलं. जुन्या काळचं, लढाऊ. कात्री चालली, कच कच. नाकाला पंखा, पोटाला चाकं, शेपटीवर गोल ठिपका. आत बसवले चिटुकराव वैमानिक. तेही कागदाचेच. उंची नखाएवढी, ऐट मात्र हत्तीएवढी.

खिडकीत आभाळ होतं. निळं निळं. चिटुकरावांना तिथं जायचं होतं. फार फार जायचं होतं.

एक पंख चिकटला. दुसरा आईनं नुसता टेकवला. तेवढ्यात पाळण्यात बाळ रडलं. आई धावली. वाटीतली कणकेची खळ वाळून गेली. पंख पडला. टप्प.

चिटुकराव खाली उतरले. टुपुक टुपुक. खळीकडे गेले.

"खळताई, खळताई, पंख चिकटव ना."

खळ म्हणाली, "मी वाळले. पाणी भिजवेल, तर मी चिकटवीन."

टुपुक टुपुक. पाण्याकडे गेले.

"पाणीदादा, पाणीदादा, खळ भिजव ना. खळ पंख चिकटवेना, मग मी आभाळात जाऊ कसा?"

पाणी म्हणालं, "मी गार. शेगडी तापवेल, तर मी भिजवीन."

टुपुक टुपुक. शेगडीकडे गेले.

"शेगडीमावशी, शेगडीमावशी, पाणी तापव ना. पाणी खळ भिजवेना, खळ पंख चिकटवेना, मग मी आभाळात जाऊ कसा?"

शेगडी म्हणाली, "मी विझलेली. आई पेटवेल, तर मी तापवीन."

टुपुक टुपुक. आईकडे गेले.

"आई, आई, शेगडी पेटव ना. शेगडी पाणी तापवेना, पाणी खळ भिजवेना, खळ पंख चिकटवेना, मग मी आभाळात जाऊ कसा?"

आई हळूच म्हणाली, "बाळ झोपेल, तर मी पेटवीन."

टुपुक टुपुक. पाळण्यात चढले.

"बाळा, बाळा, झोप ना. आई शेगडी पेटवेना, शेगडी पाणी तापवेना, पाणी खळ भिजवेना, खळ पंख चिकटवेना, मग मी आभाळात जाऊ कसा?"

बाळाला एकच शब्द येत होता. बाळ म्हणालं, "भुर्र."

म्हणजे आधी भुर्र नेलं, तरच झोपणार. आता आली का पंचाईत? विमानाला पंख नाही. भुर्र नेणार कसं?

चिटुकराव बाळाच्या मुठीवर बसले. खिडकीकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. मग ते हळू हळू बोलू लागले.

"ढगावर जाऊ, भुर्र. डोंगरावर जाऊ, भुर्र. बगळ्यांच्या मागे मागे, भुर्र... भुर्र..."

बाळाचे डोळे मिटले.

बाळ झोपलं. आईनं शेगडी पेटवली. शेगडीनं पाणी तापवलं. पाण्यानं खळ भिजवली. खळीनं पंख चिकटवला. घट्ट.

विमान झालं. पण टेबलावरच. आभाळ खिडकीबाहेरच. चिटुकराव वाट बघत बसले.

मग बाळ उठलं. विमान बघितलं. म्हणालं, "भुर्र."

बाळ भुर्र म्हणालं, की आईला चप्पल घालावीच लागते. बाळ आईच्या कडेवर. विमान आईच्या हातात. निघाली सगळी गच्चीवर.

आईनं हात उंच केला. अजून उंच. वर आभाळ, इकडे आभाळ, तिकडे आभाळ.

चिटुकराव गेले, भुर्रर्र.

आता तू म्हण बरं. कुठं जायचं?