कुडाला लावलेला कान

एकदा एका आचार्यांच्या पाठशाळेत दोन शिष्य लहान मुलांना शिकवत असत, आणि त्यांतल्या थोरल्याला धाकटा डोळ्यांसमोरही नकोसा झाला होता. कारण साधे होते. आचार्य थकले होते आणि येत्या दसऱ्याला ते पाठशाळेची सूत्रे दोघांपैकी एकाच्या हाती सोपवणार होते. थोरल्याने अर्धे आयुष्य तिथे घालवले होते. त्याचे पाठांतर निर्दोष, त्याच्या वर्गातली मुले तोंडातून अक्षर न काढता बसत. धाकटा अगदी काल आलेला. तरीही आचार्य येता-जाता थांबत ते धाकट्याच्या दाराशी.

दोन वर्गांच्या मध्ये काटक्यांचा, शेणामातीने लिंपलेला एक कूड होता. पलीकडून मुलांचा गलका आला की थोरल्याच्या अंगाचा तिळपापड होई. याच्याजवळ असे आहे तरी काय? शेवटी तो आपल्या मुलांना पाठांतराला बसवून कुडाला कान लावू लागला. विद्वान माणूस मत्सरापायी काय करील, याला सीमा नाही.

एके सकाळी आचार्यांनी त्याला तसे उभे असलेले पाहिले. थोरला शरमेने अर्धमेला झाला. आचार्य तसेच पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी थोरला येऊन पाहतो तो कुडापाशी घडी घातलेली घोंगडी आणि पाण्याचा तांब्या.

"उभ्यानं पाय दुखतात," आचार्य म्हणाले. "बसून ऐकत जा."

हा उपहास की आज्ञा, त्याला उमजेना. पण मत्सर शरमेहून मोठा होता. तो बसला.

काही दिवसांतच गुपित कळले. धाकट्याच्या वर्गात मुलांना आणि गुरुजींनाही एकच नियम होता. आपले बोलण्यापूर्वी आधीचा काय बोलला ते सांगायचे, आणि त्याने 'हो, असंच' म्हटल्याखेरीज आपला प्रश्न विचारायचा नाही. थोरल्याला संतापच आला. एवढ्याशा युक्तीवर हा आपले सर्वस्व घेऊन जाणार? त्याने तोच नियम लगोलग आपल्या वर्गात लावला.

पाठ मातीविषयी चालला होता. भागी नावाची कुंभाराची मुलगी उभी राहिली. नियमाप्रमाणे तिने आधीच्या मुलाचे म्हणणे सांगितले, त्याच्याकडून होकार घेतला, मग विचारले, "गुरुजी, जुन्या माठातलं पाणी नव्या माठासारखं गार का होत नाही?"

माठ हा शब्द कानी पडताच थोरला सुरू झाला. पंचमहाभूते झाली, पृथ्वी आणि जल यांचा संबंध झाला, त्यावरचे श्लोकही झाले. भागी उभीच.

"गुरुजी, मी काय विचारलं ते आधी सांगा ना," ती म्हणाली. "नियम आहे."

थोरल्याने तोंड उघडले. काही केल्या त्याला आठवेना. सगळा वर्ग त्याच्याकडे पाहत होता.

तो तडक आचार्यांकडे गेला. "त्याची युक्ती कुचकामाची आहे. मुलं उद्धट होतात. आज कुंभाराची पोर मला नियम शिकवत होती."

"काल पलीकडे काय झालं?" आचार्यांनी विचारले.

थोरल्याने घडाघडा सांगितले. कोण आधी बोलला, कोण अडखळला, कुणाचा आवाज रडवेला झाला, धाकटा कुठे मुद्दाम गप्प राहिला. एक शब्द सुटला नाही.

"आणि आज त्या मुलीनं तुला काय विचारलं?"

"माठाचं काहीतरी."

आचार्य हसले नाहीत. "तुला ऐकता येत नाही, असं मी समजत होतो. ते खरं की खोटं हे पाहायलाच घोंगडी टाकली. अरे, तुला येतं. जिवाचा कान करून ऐकतोस तू, कारण पलीकडचं काहीतरी तुला हवं आहे. तुझ्या स्वतःच्या मुलांकडून मात्र तुला काहीच नको असतं. त्यांना नुसतं द्यायचं असतं. ऐक म्हटल्यानं मूल ऐकायला शिकत नाही. त्याचं बोलणं कुणीतरी आसुसून ऐकलं, की शिकतं. मग त्याचे प्रश्नही सरळ होतात."

थोरल्याने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "सूत्रं त्यालाच देणार?"

"हो."

दसऱ्याला सूत्रे धाकट्याकडे गेली. त्याला आपट्याची पाने देताना थोरल्याचा हात जड झाला होता. मत्सर त्या दिवशी निघून गेला, असे मी म्हणणार नाही. तो इतक्या सहजी कुणाचाच जात नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, चिमणी आरशातल्या चिमणीशी भांडते. मग पाण्यातल्या चिमणीशी का नाही भांडत?"

उत्तर थोरल्याच्या ओठांशी आले होते. ते त्याने गिळले.

"थांब. आरशातल्या चिमणीशी ती भांडते, मग पाण्यातल्या चिमणीशी का नाही, असं विचारतोस. असंच ना?"

"हो, असंच," मूल म्हणाले आणि विचारात पडले. "तिथं तिला तहान लागलेली असते, म्हणून का?"

हे थोरल्याला ठाऊक नव्हते. "पुढे सांग," तो म्हणाला, आणि ऐकायला थोडा पुढे झुकला.