बिळाभोवतीच्या तीन फेऱ्या

त्या मुलखात कुणाचंच पाऊल टिकत नसे. नदी चढली की काठ धुऊन जाई. कोण आलं, कोण गेलं, काही उरत नसे.

म्हणून एक रीत होती. पाणी ओसरलं की ज्याला वाटेल त्यानं ओल्या गाळावरून एकदा चालून जायचं. मग बगळा यायचा, एक वाट निवडायचा आणि बाकीच्या वाटा पंखानं पुसून टाकायचा. निवडलेली वाट उन्हात वाळून दगड व्हायची. येणारेजाणारे तिच्यात पाय ठेवून चालून बघायचे.

एक म्हातारा खेकडा दहा वर्षं चालला आणि दहाही वर्षं पुसला गेला. त्याची वाट दरसाल तीच, पाण्यापासून एका रिकाम्या बिळापर्यंत आणि परत. तिथं त्याची खेकडीण राहायची. पुरानं तिला नेलं त्या दिवशी, आपणच बीळ चुकलो असं समजून त्यानं भोवती तीन फेऱ्या मारल्या होत्या. गाळातही तो तेवढ्याच मारी.

बेडूक ओरडायचे, "बुवा, यंदाही ताडी झोकून आलात वाटतं!"

"उड्या मारणाऱ्यांनी मला चाल शिकवू नये," तो म्हणायचा.

अकराव्या साली बगळा त्याच्या वाटेपाशी थांबला. "बरी आहे. पण फेऱ्या तीन कशाला? बघणारा कंटाळतो."

"त्या फेऱ्यांसाठीच चाललो मी."

"बघू," बगळा म्हणाला. बघू म्हणजे काय, हे दहा वर्षं पुसलेल्याला कळत नाही होय?

वाळेपर्यंत काठावर जायची मनाई. चार दिवस खेकड्यानं अन्नाला नांगी लावली नाही. पाचव्या दिवशी गेला. आठही पायांचे ठिपके उन्हात लख्ख उमटलेले. आपण एवढं झोकात चालतो हे त्याला माहीतच नव्हतं! हरखून तो बिळापर्यंत आला.

तिथं अर्धीच फेरी होती. पुढं पंखानं पुसलेलं गुळगुळीत, आणि मग परतीची वाट.

खेकडा तिथंच गरागरा फिरू लागला. दगडावर ओरखडासुद्धा उठेना.

"आता वाळलंय, बुवा," बगळा म्हणाला. तसा आवाज मऊच होता त्याचा.

एवढ्यात एक म्हातारी कासवीण आली. तिला दिसायचं कमी. ठिपके पायानं चाचपत ती चढली आणि अर्ध्या फेरीशी अडली. बिळात मान घालून तिनं वास घेतला.

"आजी, वाट तिकडं गेलीय. चला!" बेडूक म्हणाला.

"थांब रे मेल्या. इथं कुणीतरी राहायचं. घाई तुला आहे."

ती वळली. अर्धी फेरी तिनं पुरी केली. मग दुसरी. खेकडा नांग्या मिटून बाजूला झाला.

तिसऱ्या फेरीला ती जरा हळू चालली. गुळगुळीत दगडावर तिचं एकही पाऊल उमटत नव्हतं.