छत्तीस शब्दांची ओळख

ज्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही, त्याच्या राज्यातली ही फार जुनी गोष्ट. राजधानीत एक वैद्यशाळा होती. तिथे प्रत्येक रहिवाशाचे एक ताडपत्र असे. त्या माणसाला कोणते औषध मानवते आणि कोणते विषासारखे भिनते, ते त्यावर लिहिलेले असे.

ही पत्रे एक म्हातारा लेखनिक सांभाळत होता. माणूस सज्जन, पण मनात एक काटा घेऊन जगणारा. तरुणपणी त्याच्या हातून सारख्या नावाच्या दोघांच्या पत्रांची अदलाबदल झाली होती आणि त्यातला एक दगावला होता.

पुन्हा असे घडू नये म्हणून त्याने नियम केला : प्रत्येकाची ओळख छत्तीस शब्दांची. नाव, बापाचे नाव, आजीचे माहेर, घरापुढचे झाड, गालावरचा तीळ, सगळे त्यात. हीच ओळख पत्रावर, हीच औषधाच्या पुडीवर, हीच फडताळावर.

पत्रे हातभर लांब झाली. ओळखीतच पान भरे. औषधापुरती बोटभर जागा उरे. फडताळे भरली, तशी पत्रे सापडेल त्या खुंटीला टांगली जाऊ लागली.

वैद्यशाळेला मडकी पुरवणारी कुंभारीण एकदा म्हणाली, "बाबा, एवढं कशाला? जो येईल त्याला पुढचा आकडा द्या. एक आकडा एकालाच. पत्रं त्याच क्रमानं लावा."

"आणि चुकलं तर?" लेखनिक म्हणाला. "एवढ्याशा खुणेवर माणसाचा जीव सोपवू?"

त्या वर्षी तापाची साथ आली. घरोघरी माणसे आडवी झाली. एका सकाळी कुंभारणीने नवऱ्याला बाजेवर घालून आणले.

वैद्य म्हणाले, "या तापावर एकच मुळी आहे. बहुतेकांना ती तारते, काहींना मारते. याचं पत्र पाहिल्याशिवाय मी ती देणार नाही. लवकर आणा."

लेखनिक आत धावला. त्याने एक पत्र काढले. नाव तेच, बापाचे नाव तेच, आजीचे माहेरही तेच. तिसाव्या शब्दाला झाड वेगळे निघाले. दुसरे काढले. मग तिसरे. शब्द डोळ्यांपुढे नाचू लागले.

"बाबा, सापडलं का?" बाहेरून कुंभारीण ओरडत होती. "यांचं अंग भाजतंय हो!"

सकाळची दुपार झाली. दुपार कलली. तिचे ओरडणे थांबले, तेव्हा तो खुंट्यांवरची पत्रे ओढून ओढून काढू लागला.

दिवेलागणीला पत्र सापडले. मुळी चालणार होती. वैद्यांनी ती उगाळून पाजली. माणूस वाचला, पण तापाने त्याचे डोळे नेले.

"सकाळी दिली असती, तर दृष्टी राहिली असती," वैद्य हळूच म्हणाले.

कुंभारीण नवऱ्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली. ते दृश्य लेखनिकाला सोसवेना. आठवड्याने तो तिच्या दारी गेला. "पोरी, एकाचा जीव माझ्या हातून गेला, म्हणून मी भ्यालो. त्या भीतीनंच तुझ्या माणसाचे डोळे घेतले. आता तू सांगशील तसं करतो."

तिने फिरते चाक थांबवले. मग म्हणाली, "आकडे एकाच वहीतून द्या, एकाच्याच हातानं. मेलेल्याचा आकडासुद्धा दुसऱ्याला देऊ नका."

तिने मातीचे मणी वळले. प्रत्येक मण्यावर एक आकडा कोरून ते भाजले, आणि प्रत्येक रहिवाशाने आपला मणी गळ्यात घातला. छत्तीस शब्द वहीत एकदाच लिहिले गेले. बाकी सगळीकडे आकडा. पत्रे वीतभर झाली आणि क्रमाने लागली.

दोन वर्षांनी ताप परत आला. या वेळी चुलीवरच्या पाण्याला उकळी फुटण्याआधी पत्र वैद्यांच्या हाती पडे. त्या साथीत पत्रासाठी कुणाचे औषध अडले नाही. लेखनिक मात्र अखेरपर्यंत रोज वही ताडून पाहत असे. एकही आकडा कधी दोनदा दिला गेला नाही.

बोध : खूण एकमेव असावी, पण ती लांबलचक असून उपयोग नाही, वेळेला सापडते तीच खरी.