यंत्राने मागितलेली मदत

अवजारं माणसांशी बोलत असत, त्या दिवसांतली ही गोष्ट. कुमुदिनीताईंनी अंगणातल्या हिरवळीसाठी गवत कापायचं नवं यंत्र आणलं. पडवीतल्या जुन्या खुरप्याला ते म्हणालं, "तुझं काम आता संपलं."

यंत्र रोज अगदी मातीलगत गवत कापू लागलं. महिन्याभरात गवत पिवळं पडलं. त्यात माजलेलं लव्हाळ्याचं तण मात्र कापलं की दुप्पट जोमाने वर येई. शेवटी ताई कंटाळून म्हणाल्या, "पुरे झालं. गवंड्याला बोलावून इथे फरशीच घालते."

ते ऐकून यंत्राचा धीर सुटला. त्याने खुरप्याला विचारलं, "इतका कापूनही लव्हाळा मरत का नाही?"

"त्याची गाठ जमिनीत असते," खुरपं म्हणालं. "ती मला काढता येते. पण एवढी हिरवळ कापणं मला जन्मात जमणार नाही."

यंत्राने हाक मारली, "ताई, चूक माझी आहे. आधी खुरप्याला धार लावा आणि माझं पातं चार बोटं वर घ्या."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणाला विचारायची लाज वाटत होती."

ताईंनी गवंड्याला दोन महिन्यांनी ये असा निरोप धाडला आणि खुरपं हातात घेतलं.

ठरल्या दिवशी गवंडी माप घ्यायला आला. त्याने फाटकाशीच वहाणा काढल्या आणि अनवाणी हिरवळीवर उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "हिच्यावर फरशी घालायची असेल, तर दुसरा गवंडी बघा."